संडास तुंबला? आधी चेंबरचं झाकण उघडा

संडास तुंबला की घरात पहिला हात ॲसिडच्या बाटलीकडं जातो. एक बाटली ओतायची, तासभर वाट बघायची, पाणी हललं नाही की दुसरी आणायची. अडलेलं कापड, पॅड किंवा वासाच्या टिकीची प्लास्टिकची जाळी मात्र जिथल्या तिथं राहते, कारण ॲसिडनं ती विरघळत नाही. उलट भांड्यात साचलेलं घाण पाणी आता ॲसिडचं झालेलं असतं आणि नंतर पंप मारायला येणाऱ्या माणसाच्या तोंडावर तेच उडतं. त्यात कुणी ब्लिचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. ॲसिडवर कॉस्टिक सोडा पडला तर पाणी उसळून अंगावर येतं.

म्हणून बाटली बाजूला ठेवा. तुंबलेला संडास मोकळा करणं हे आधी शोधाचं काम आहे. अडथळा भांड्यात आहे, पाइपात आहे, चेंबरच्या पुढं आहे की टाकीत, हे दहा-पंधरा मिनिटांत कळतं. ते कळलं की कुठलं हत्यार घ्यायचं आणि ते कुठून घालायचं हे आपोआप ठरतं.

अडलंय कुठं?

घाण जाते तो रस्ता डोळ्यांसमोर आणा. भांडं, त्याच्या खाली वाकडा ट्रॅप, पुढं चार इंची पाइप, अंगणात किंवा बोळात चेंबर, मग सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. शहरात भुयारी गटार असेल तर टाकीऐवजी तिला जोड. ट्रॅपमध्ये कायम साधारण दोन इंच पाणी उभं असतं. ते पाणी म्हणजे वासाला लावलेलं बूच. ट्रॅप वाकडा असल्यामुळं सगळ्या रस्त्यात वस्तू अडकायची पहिली जागाही तीच.

भांडं काठोकाठ भरलं असेल तर आणखी एक तांब्याही ओतू नका. अर्धा तास थांबा. पातळी हळूहळू उतरत असेल तर रस्ता अर्धवट उघडा आहे, घाई नको. अजिबात उतरत नसेल तर पूर्ण बंद आहे.

आता घरात फिरून बघा. फक्त संडासच तुंबलाय आणि न्हाणीचं पाणी नेहमीसारखं जातंय, तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा संडासापासून चेंबरपर्यंतच्या तुकड्यात आहे. संडासात पाणी टाकलं की न्हाणीच्या जाळीतून वर येतंय, तर दोघांचा पाइप एकत्र होतो त्याच्या पुढं अडलंय. वरच्या मजल्यावर पाणी ओतलं की तळमजल्याच्या भांड्यात चढतंय, तर मुख्य लाइन बंद आहे. अशा वेळी वरच्या सगळ्यांना नळ बंद ठेवायला सांगा, नाहीतर त्यांच्या आंघोळीचं पाणी खालच्यांच्या घरात पसरेल.

यानंतर पहारीनं चेंबरचं झाकण उचला. लगेच वाकून बघू नका, दहा मिनिटं हवा जाऊ द्या. चेंबर कोरडा असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये. चेंबर भरलेला असेल तर संडास निर्दोष आहे, भांड्यात कितीही पंप मारा, उपयोग नाही. मग पुढचा चेंबर उघडा. तोही भरलेला असेल तर त्याच्या पुढचा. शेवटचा भरलेला आणि पहिला कोरडा, या दोन चेंबरांच्या मधल्या पाइपातच बोळा बसलेला असतो. सगळेच चेंबर टाकीपर्यंत भरलेले असतील तर प्रश्न टाकीचा किंवा शोषखड्ड्याचा आहे.

जुन्या वाड्यांत आणि गावठाणातल्या बोळांत चेंबरवर नंतर शहाबादी किंवा पेव्हिंग ब्लॉक बसवलेले असतात आणि झाकण नेमकं कुठं आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. भिंतीपासूनचं अंतर मोजून ते वीजमीटरच्या पेटीच्या आत लिहून ठेवलं तर अडीअडचणीला फरशी फोडावी लागत नाही.

भांडं आणि ट्रॅप

नुसतं मैल्यानं किंवा कागदानं अडलं असेल तर सगळ्यात सोपा उपाय आधी करा. भांड्यातलं जास्तीचं पाणी डब्यानं काढून पातळी निम्म्यावर आणा. अर्धी वाटी भांडी घासायचं लिक्विड ओता, वीस मिनिटं थांबा. मग आंघोळीला घेतो तितपत गरम पाण्याची एक बादली कमरेच्या उंचीवरून एका दमात ओता. उकळतं पाणी नको. त्यानं चिनीमातीचं भांडं तडकतं आणि खालचा पीव्हीसी पाइप मऊ पडून वाकतो.

त्यानं सुटलं नाही तर रबरी पंप. पंप मारताना बहुतेक जण हवाच दाबतात. भांड्यात इतकं पाणी हवं की पंपाची वाटी पूर्ण बुडेल. वाटी तिरकी बुडवून आतली हवा जाऊ द्या, तोंडावर घट्ट बसवा, पहिला दाब अगदी हळू द्या. मग पंधरा-वीस वेळा जोरात खाली-वर. जोर दाबण्यावर जितका, तितकाच ओढण्यावर हवा, कारण बोळा बऱ्याचदा ओढल्यानं सैल होतो. न्हाणीचा पाइप संडासाच्या पाइपाला चेंबरच्या आधीच मिळत असेल तर न्हाणीच्या जाळीवर ओल्या फडक्याची घडी ठेवून दुसऱ्यानं पायानं दाबून धरावी. नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो.

काठीला फडकं गुंडाळून पंप म्हणून वापरायची रीत घराघरांत आहे. ती सोडा. फडकं सुटून ट्रॅपमध्ये राहिलं की साधं काम मोठं होतं.

वस्तू पडली असेल, म्हणजे साबणाची वडी, लहान मुलाचं खेळणं, ब्रशचं डोकं, तर पंप मारूच नका, ती आणखी आत जाते. भांड्यातलं पाणी काढून टाका, कोपरापर्यंतचे हातमोजे घाला आणि हातानं चाचपा. वस्तू बहुधा पहिल्या वळणावरच असते. हात पोचला नाही तर स्प्रिंग घाला. हार्डवेअरच्या दुकानात चार-पाच मीटरची स्प्रिंग मिळते आणि घरच्या कामाला तेवढी पुरते. टोक अडलं की ढकलू नका, मूठ उजवीकडं फिरवत राहा. टोकाचा आकडा कापडात किंवा पॅडमध्ये रुतला की फिरवणं जड लागतं. तसंच फिरवत सावकाश बाहेर ओढा. स्प्रिंग चार-पाच फूट बिनअडथळा आत गेली तर ट्रॅप मोकळा आहे, अडथळा पुढं आहे असं समजा.

लोखंडी सळई घालू नका. जुन्या देशी भांड्यांत भांडं वेगळं आणि ट्रॅप वेगळा असून मधला सांधा सिमेंटचा असतो. सळईच्या धक्क्यानं तो सुटतो, संडास मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात खालच्या खोलीच्या छताला ओल येते. त्यापेक्षा सोललेल्या बांबूची लवचिक कामटी बरी, तीही चेंबरच्या बाजूनं.

नवीन घरात पहिल्याच महिन्यात संडास तुंबायला लागला तर संशय फरशीवाल्याच्या सिमेंटवर घ्या. फरशीचे सांधे भरताना, बादल्या धुताना सिमेंटचं पाणी भांड्यात ओतलं जातं आणि ट्रॅपच्या तळाला त्याचा थर घट्ट होतो. तो काढायला भांडं उचलून ट्रॅप बदलणं हाच खात्रीचा मार्ग. ही वेळ टाळायची तर भांडं बसलं की त्यात प्लास्टिकच्या पिशवीत भरलेली वाळू दाबून बसवायची आणि काम संपेपर्यंत काढायची नाही.

चेंबर ते चेंबर

इथं काम करताना गमबूट, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा पाहिजेच. दोन चेंबरांच्या मधला बोळा काढताना शक्यतो कोरड्या चेंबरकडून उलटं काम करा. भरलेल्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंडच दिसत नाही, कोरड्यात स्वच्छ दिसतं. चेंबरच्या बाहेर, एका अंगाला उभं राहून कामटी किंवा पेचाच्या दांड्या वरच्या दिशेनं सरकवा. दांड्या एकमेकींना आट्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून फिरवायच्या त्या फक्त उजवीकडं. डावीकडं फिरवल्या की एक सुटून पाइपातच राहते.

बोळा सुटला की वरचं सगळं पाणी एकदम येतं. त्याआधीच कोरड्या चेंबरमधून पुढं जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर दाताळ्याचा पंजा किंवा जाड जाळीचा तुकडा आडवा धरा. पाणी निघून जाईल, चिंध्या, पॅड, केस अडतील. ते काढून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. असं आडवं धरलं नाही तर तोच बोळा पुढच्या वळणावर बसतो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच काम निघतं.

मोकळं झाल्यावर चेंबरचा तळ नीट बघा. तळ सपाट असेल तर गाळ तिथंच साचणार. आत येणाऱ्या पाइपापासून बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत सिमेंटची अर्धगोल पन्हळ हवी आणि दोन्ही कडांना पन्हळीकडं ढाळ हवा. गवंड्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. वरचेवर तुंबणाऱ्या कितीतरी घरांत एवढी पन्हळ केल्यावर तक्रार थांबते.

काम झालं हे ठरवायची एक खात्रीची रीत आहे. वर्तमानपत्राचे पाच बोळे करा, लिंबाएवढे, पाण्यात भिजवून घट्ट. एकानं चेंबरपाशी उभं राहावं, दुसऱ्यानं बोळे भांड्यात टाकून एक बादली पाणी एकदम ओतावं. पाचही बोळे पन्हळीतून गेले की पाइप पूर्ण मोकळा. तीनच आले तर आत कुठंतरी अजून अडथळा आहे, कामटी पुन्हा घाला.

फ्लश केलं तरी जात नाही

कमोडमध्ये सात-आठ लिटर पाणी बादलीनं जोरात ओता. बादलीनं सगळं झटक्यात जातंय पण फ्लशनं जात नाही, तर पाइप ठीक आहे, दोष फ्लशच्या टाकीत किंवा कमोडच्या कडेखालच्या भोकांत आहे. फ्लशच्या टाकीचं झाकण काढा. पाणी मधल्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाच्या साधारण एक इंच खाली उभं राहायला हवं. कमी असेल तर बॉलकॉकचा तरंगणारा गोळा किंवा त्याचा स्क्रू वर घ्या. दोन बटणांच्या टाकीत लहान बटण तीन लिटर सोडतं आणि मोठं सहा. शौचाला लहान बटण वापरायची सवय घरात असेल तर पाइपात मैला मागं राहतोच.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात बोअरच्या पाण्याला क्षार जास्त, म्हणून तिथं कडेखालची भोकं पांढऱ्या थराखाली बुजतात. आरसा खाली धरून बघा. लिंबूसत्त्व शंभर ग्रॅम, कोमट पाणी एक लिटर. त्यात टिश्यू कागदाच्या वळ्या भिजवून कडेखाली दाबून रात्रभर ठेवा, सकाळी वळ्या मोजून काढा, तारेच्या तुकड्यानं एकेक भोक टोका. ट्रॅपमध्ये थर असेल तर आधी ब्रशनं ढकलून आतलं पाणी कमी करा, मग तेच मिश्रण ओता. भरलेल्या पाण्यात ओतलं तर ते पातळ होऊन वाया जातं.

कधीकधी फ्लशच्या टाकीतून भांड्यात सतत बारीक धार लागलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कपड्याच्या निळीचे दहा थेंब टाकीत टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर खालचा रबरी वॉशर गेलाय. लहान गोष्ट वाटते, पण ती धार रात्रंदिवस सेप्टिक टाकीत जाते, टाकीतला गाळ ढवळत ठेवते आणि शोषखड्डा भिजवून टाकते. खड्डा शोषत नाही म्हणून नवा खोदायला घेण्याआधी ही निळीची परीक्षा करायलाच हवी.

माण-खटावकडं किंवा जतकडं पाणी जपून वापरावं लागतं, तिथली अडचण उलटी. एकेक तांब्या पाच वेळा ओतला तर ट्रॅपमधलं पाणी फक्त बदलतं, मैला पुढं जात नाही. तेच पाच लिटर एका झोतात ओतले तर सगळं ओढून नेतात. आंघोळीचं पाणी बादलीत धरून यासाठी वापरावं.

गुडगुड आणि वास

फ्लश केल्यावर न्हाणीच्या जाळीत गुडगुड आवाज येणं म्हणजे पाइपाला हवा मिळत नाही. हवा हवी म्हणून धावणारं पाणी ती न्हाणीच्या ट्रॅपमधून ओढतं, तिथलं बुचाचं पाणी निघून जातं आणि वास घरात येतो. गच्चीवर व्हेंट पाइपाच्या, म्हणजे हवेसाठी वर काढलेल्या पाइपाच्या, टोपीत बहुधा गांधीलमाश्यांचं पोळं, पक्ष्याचं घरटं किंवा पिंपळाचं रोप असतं. टोपी काढून कुणाला तरी खाली फ्लश करायला सांगा. आवाज थांबला तर तेच कारण. नवी टोपी बसवताना आत बारीक जाळी लावा, डासही थांबतात.

बंद ठेवलेल्या खोलीच्या संडासातून वास येत असेल तर ट्रॅप सुकलाय. एक बादली पाणी ओता, वर दोन चमचे गोडेतेल. तेलाच्या थरामुळं पाणी महिनोन् महिने उडत नाही.

सेप्टिक टाकी

इथं सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. टाकीत माणूस उतरवायचा नाही, रिकामी दिसली तरी नाही. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो आणि दोन-तीन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही जातो. 2013 च्या कायद्यानं कुणालाही सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत उतरवून साफ करून घेण्यावर बंदी आहे आणि उतरवणारा घरमालकही गुन्हेगार ठरतो. झाकण उघडलं की विडी-काडी, उदबत्ती, दिवा जवळ नको, लहान मुलं आणि जनावरं लांब हवीत.

आता टाकी बाहेरूनच वाचायची. दोन्ही झाकणं उघडून अर्धा तास थांबा आणि लांबून बॅटरीच्या उजेडात पातळी बघा. चांगल्या टाकीत पाणी नेहमी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी बरोबर टेकलेलं असतं. टाकी कायम भरलेलीच असते, म्हणून भरलेली दिसली की उपसायची घाई नको. पातळी पाइपाच्या वर चढून आत येणाऱ्या पाइपापर्यंत आली असेल तर बाहेरचा रस्ता बंद आहे, म्हणजे बाहेरच्या पाइपाची टी, म्हणजे T आकाराचा जोड, चोंदली किंवा शोषखड्डा भरला. पातळी बरोबर आहे तरी घरात तुंबतंय, तर आत येणाऱ्या पाइपाच्या टीमध्ये मैल्याचा गोळा बसलाय. तो वरून काठीनं खाली ढकलला की सुटतो. पातळी पाइपाच्या बरीच खाली असेल तर टाकी गळतेय, आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर ही गोष्ट तुंबण्यापेक्षा गंभीर.

उपसायची वेळ झाली का, हे मोजून ठरवा. लांब बांबूच्या खालच्या टोकाला तीन फुटांपर्यंत जुन्या धोतराचं पांढरं कापड घट्ट गुंडाळा. बांबू हळू तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं तसाच धरा, सरळ वर काढा. कापडावर खाली गाळाचा काळा, चिकट पट्टा उमटतो आणि वर फिकट पाण्याचा. काळा पट्टा आणि वर तरंगणारी साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की गाडी बोलवायची. पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाणी राहील एवढी टाकी असेल तर ही वेळ साधारण दोन-तीन वर्षांनी येते. उपसताना तळाला इंच-दोन इंच गाळ राहू द्या, पुढचं कुजणं त्यातूनच सुरू होतं. शेण किंवा पाकिटातली पावडर टाकायची गरज नाही. फिनेल आणि ॲसिड रोज ओतलं जात असेल तर मात्र आतले जंतू मरतात आणि न कुजलेला मैला शोषखड्ड्यात जाऊन तिथले दगड लिंपले जातात.

बऱ्याच घरांत न्हाणीचं आणि मोरीचंही पाणी सेप्टिक टाकीतच सोडलेलं असतं. एका माणसाच्या आंघोळीच्या दोन बादल्या धरल्या तरी घाण टाकीत कुजायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो. ते पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसात केळी-अळवाला सोडावं. शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट लांब हवा.

पावसाळ्यातच तुंबतं आणि दिवाळीनंतर आपोआप ठीक होतं, असं असेल तर पाइपाला दोष देऊ नका. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याकडं जमीन पाण्यानं भरलेली असते, खड्ड्यातलं पाणी मुरायला जागाच नसते. तिथं खड्डा खोल करून फायदा नाही, खोलवर पाणी आणखी जवळ येतं. त्यापेक्षा कमी खोलीची, लांब, खडी भरलेली चारी काढून पाणी पसरवावं आणि छपराचं पाणी खड्ड्याजवळून वळवून लांब न्यावं.

दोन खड्ड्यांचा संडास

गावाकडच्या या संडासाचा पॅन जास्त उताराचा आणि ट्रॅपमधलं पाणी कमी, जवळपास 20 मिलिमीटर, म्हणून दीड-दोन लिटरमध्ये साफ होतो. तिथं शहरातलं भांडं बसवलं की पाणी दुप्पट-तिप्पट लागतं आणि खड्डा लवकर भरतो. एक खड्डा भरला की वाय-चेंबरमध्ये, म्हणजे पाइप दोन खड्ड्यांकडं फुटतो त्या चेंबरमध्ये, त्याचं तोंड विटेनं आणि मातीनं बंद करून दुसरा सुरू करायचा. भरलेल्याला निदान वर्षभर, शक्यतो दीड वर्ष हात लावायचा नाही. मग आत भुसभुशीत, वास नसलेलं खत मिळतं. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवले तर दोन्ही एकदम भरतात आणि ओला मैला उपसायची वेळ येते. ही चूक फार ठिकाणी दिसते, कारण वाय-चेंबर मातीखाली बुजलेला असतो.

काळी माती आणि ढाळ

सांगली-मिरजेच्या कृष्णाकाठच्या काळ्या रानात पाइप तुटायचं कारण मातीच असते. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आक्रसते आणि पावसात फुगते. पाइप दर वर्षी वर-खाली होतो, सांधा उघडतो, मग उंबर-पिंपळाची मुळं त्यात शिरतात. एकाच जागी दर पावसाळ्याआधी तुंबत असेल आणि कामटीला केसाळ मुळं लागून येत असतील, तर साफ करत बसण्यात अर्थ नाही, तो तुकडा बदला.

बदलताना चर पाइपाच्या तळापेक्षा सहा इंच जास्त खोदा आणि तेवढा वाळू किंवा बारीक मुरूम ठोकून भरा. पाइपाच्या खाली विटांचे तुकडे लावू नका. दोन विटांच्या मध्ये पाइप पोट सोडतो आणि तिथं मैला साचतो. पाइपाचा सॉकेट पाणी येतं त्या बाजूला हवा. रबर रिंगच्या जोडाला साबणाचं पाणी लावून पाइप पूर्ण आत ढकला आणि मग दहा मिलिमीटर मागं ओढा, उन्हातान्हात वाढायला तेवढी जागा लागते. चेंबरच्या भिंतीपासून दीड-दोन फुटांवर एक रिंगचा जोड ठेवलाच पाहिजे. भिंत जागची हलत नाही, माती हलते, आणि जोड नसेल तर पाइप नेमका भिंतीपाशी मोडतो.

ढाळ चाळीसला एक, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. डोळ्यानं ठरवू नका, पाण्याच्या पारदर्शक नळीनं दोन्ही टोकं मोजा आणि नळीत बुडबुडा नाही हे बघा. वळणाला काटकोनी बेंडाऐवजी 45 अंशांचे दोन बेंड लावा. जिथं वळण जमिनीच्या वर आहे तिथं झाकणाचा डोअर बेंड लावला तर पुढं कधीही भिंत न फोडता हात घालता येतो.

पुराच्या दिवसांत

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. रस्त्यावर पाणी दिसायच्या आधी ते गटारांतून मागं चढतं आणि सखल भागातल्या तळमजल्यांच्या संडासांतून वर येतं. कुणी पाणी वापरत नसताना न्हाणीत गुडगुड सुरू झाली की समजायचं.

रस्त्याकडं जाणाऱ्या पाइपावर शेवटच्या चेंबरमध्ये चार इंची नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवता येतो. त्याची पाकळी बाहेरच्या बाजूला उघडते. मे महिन्यात ती काढून धुवा, एक चिंधी अडकली तरी पाकळी अर्धवट उघडी राहते. पाकळी बंद असेल तेव्हा आपलंही पाणी बाहेर जात नाही, तेवढा वेळ संडास वापरू नका. व्हॉल्व्ह नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओली वाळू भरून भांड्याच्या आणि न्हाणीच्या तोंडात दाबून बसवा, वर विटा ठेवा.

पाणी चढलेलं असताना सेप्टिक टाकी उपसून घेऊ नका. भोवतीच्या जमिनीतलं पाणी रिकाम्या टाकीला वर उचलतं किंवा तिच्या भिंती आत ढकलतं, प्लास्टिकची टाकी तर हमखास उखडते. पूर ओसरल्यावरही शोषखड्ड्यातली पातळी खाली गेलेली दिसेपर्यंत थांबा.

पुराचा गाळ चेंबरमध्ये बसला असेल तर पाण्यानं पुढं ढकलू नका, तो पाइपात बसून सिमेंटसारखा होतो. सगळ्यात खालच्या चेंबरपासून सुरुवात करून वर घराकडं या, प्रत्येक चेंबरमधला गाळ घमेल्यानं बाहेर काढा आणि मगच पाणी सोडा. शेवटी फरशी आणि चेंबरच्या कडा ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा, त्या दिवशी कुठंही ॲसिड ओतलेलं नाही याची खात्री करून. मग कागदाचे पाच बोळे करा आणि खालच्या चेंबरपाशी कुणाला तरी उभं करून मोजायला सांगा.